उघड्या डोळ्यांचा मासा

गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय मालसूनबाईला दिसले. तीच निळी डांगरी, तेच घासलेले बूट. गिप्यो! ती उंबऱ्यातच खिळली. मग खालून बायकी खोकला ऐकू आला आणि तिला स्वतःचाच राग आला. तिच्या लेकाला, गिप्योला, जाऊन दोन हिवाळे झाले होते. गाडीखाली होती ती मिरान, त्याची धाकटी बहीण, भावाचे कपडे चढवून.

"अगं, नोकरीचा पहिला दिवस आणि तू चिखलात काय लोळतेस?"

"मीठ धुतलं," मिरान खालूनच म्हणाली. "बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ना, ते पत्रा खाऊन टाकतं. दादा नेहमी सांगायचा."

गाडी महिन्यापूर्वीच आलेली, छोटी एसयूव्ही. कारखान्यातून येताना दारांच्या कडांना लावलेले निळे स्पंजसुद्धा अजून काढले नव्हते. पण मिरानने तिच्यापायी घर डोक्यावर घेतलं होतं. इंजिन नवं आहे तोवर दामटायची नाही, चाकांतली हवा दर रविवारी बघायची, तेल कंपनी म्हणते त्याच्याही आधी बदलायचं. आत बसून भाजलेलं रताळं खायची सोय नाही. सख्ख्या आईलासुद्धा नाही!

मिरान बाहेर आली, हात पुसत हसली. "अशी ठेवली ना, तर पंधरा वर्षं हूं की चूं करणार नाही बघ."

"गाडी टिकेल गं. तुझं काय?"

मिरानचं हसू मावळलं. नोकरीची शाळा घाटापलीकडे, गानसोंगला. रोज जायचं, रोज यायचं, आणि ज्या घाटात गिप्योची गाडी कोसळली, त्याच घाटातून. मालसूनबाईने महिनाभर नाना सबबी काढल्या होत्या. कधी बर्फ, कधी धुकं, कधी स्वतःचे गुडघे. आता सबबीही संपल्या होत्या.

"आई, मी सगळं तपासलंय. ब्रेक, टायर, सगळं."

"तोही तपासायचा. त्याचीही अशीच लख्ख होती."

मिरान डांगरी उतरवायला लागली.

मालसूनबाईने ॲप्रनखालून सुकवलेला मासा काढला. अख्खा, डोक्यासकट, दोऱ्याने गुंडाळलेला. गावचा धंदाच मासे सुकवायचा, आणि नव्या गाडीच्या डिकीत असा एक मासा ठेवल्याशिवाय तिथं कुणी चाक हलवत नाही. त्याचे डोळे मिटत नाहीत, म्हणून तो राखण करतो म्हणे. मिरानने नाक मुरडलं, पण डिकी उघडली. मासा हातात घेतला आणि ती थबकली. पांढरा दोरा मळून पिवळा पडला होता.

"हा जुना आहे."

"त्याच्याच गाडीतला. पोलिसांनी आणून दिला." मालसूनबाईने शेपटीवर बोट ठेवलं. "बघ, शेपटीचं टोकसुद्धा मोडलं नाही मेल्याचं! मी माझ्या हाताने निवडला होता गं, एवढ्या ढिगातून. आणि हा डोळे उघडे ठेवून झोपला!"

"मग फेकून का नाही दिलास? नवा आण की. बाहेर हजारो टांगलेत."

"नव्याला काय कळतंय! ह्याला ते वळण ठाऊक आहे."

मिरानने मासा उलटसुलट करून पाहिला. दादाच्या शेवटच्या प्रवासात हाच काय तो त्याच्या सोबतीला होता. मग तिने डिकी लावून टाकली. मासा हातातच.

मालसूनबाईचा धीर सुटला. "अगं ठेव ना! माझ्यावर राग काढ हवा तर, पण ठेव!"

"डिकीत अंधार असतो, आई," मिरान हळूच म्हणाली. "त्याला दिसलंच कुठून असेल?"

तिने पुढचं दार उघडलं. जिला रताळ्याचा वास खपत नव्हता, तिने तो उग्र वासाचा मासा समोरच्या काचेला टेकवून बसवला, तोंड रस्त्याकडे करून. मग ती चाकामागे बसली, पट्टा लावला आणि इंजिन सुरू केलं.

मालसूनबाई गाडीच्या पुढ्यातच उभी होती. काचेवर धुतल्याचे थेंब तसेच होते. तिने वाकून ॲप्रनच्या टोकाने माशाच्या डोळ्यांसमोरची तेवढीच काच पुसली आणि ती वाटेतून बाजूला झाली.