देवरावांची नजर

गरीब कोण, हे ठरवणं ऋषिमुनींनाही जमलं नव्हतं. देवराव कारकुनांना मात्र ते व्हरांड्यातल्या खुर्चीवरून, नुसत्या नजरेनं जमे. नवं राज्य झालं, सरकारी दवाखान्यात गरिबांना औषध फुकट झालं, आणि गरीब ओळखायचं काम देवरावांकडे आलं. पायात वहाण दिसली की ते म्हणत, "तिकडं पैसे भर." तेव्हापासून फाटकाबाहेरच्या बाभळीखाली वहाणांचा ढीग पडू लागला.

बसंतीबाई मुळातच अनवाणी होती. पहाटे तांड्यावरून निघालेली तिची बैलगाडी ऊन डोक्यावर आल्यावर व्हरांड्यापुढं पोचली. गाडीत तिचा नवरा हिरासिंग गोधडीत कुडकुडत होता. आठवडा झाला, ताप हटत नव्हता.

देवरावांची नजर तिच्या पायांपर्यंत गेलीच नाही. कानशिलाशीच अडकली. तिथं केसांत गुंफलेली घुगरी लोंबत होती, पांढरी, चकचकीत.

"एवढी चांदी घालून गरीब म्हनवते काय वं?"

"चांदी कवाच गेली साहेब, दिग्रसच्या सोनाराकडे. हे कथील हाय."

"मी काय सोनार हाय? मले दिसते ते चांदी. गरीब असशीन तर काढून ये."

तांड्यातल्या बाईची घुगरी नवरा मेल्यावरच उतरते, हे रांगेत सगळ्यांना ठाऊक होतं. देवरावांनाही होतं. पण शब्द तोंडून गेला होता, आणि तो सरकारी होता.

"धनी जिता हाय ना, साहेब," बसंतीबाई म्हणाली.

गाडीतली गोधडी हलली. "काढ वं," हिरासिंग म्हणाला. "मी मेल्यावर तू कशी दिसशीन, ते मले थोडंच पाहाले भेटते? आताच पाहून घेतो."

कोणी हसलं नाही. बसंतीबाई गाडीच्या चाकाशी बसली, नवऱ्याकडे तोंड करून. एक बट सोडली, मग दुसरी. तिरडी जाताना लोक पायातलं काढून उभे राहतात. इथं सगळे आधीच अनवाणी होते, म्हणून नुसतेच उभे राहिले. देवरावही उठले. आजवर ते फक्त सिव्हिल सर्जन आले की उठत.

तिनं घुगरी टेबलावर ठेवली. बद्द आवाज झाला, कथलाचा. देवरावांनी घुगरीला हात लावला नाही. घाईघाईनं चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "घालून घ्या बाई ते आधी." फुकटच्या रांगेतल्या कोणाला त्यांनी अहोजाहो केलेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"औषध भेटू द्या," ती म्हणाली, आणि चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेली.

कंपाउंडर बळीरामनं चिठ्ठी वाचली, लाल औषधाचा बुधला उचलून तिरपा केला आणि थांबला.

"बाटली?"

बसंतीबाईनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

बळीरामनं बुधला सरळ करून खाली ठेवला. औषध सरकारचं होतं. बाटली घरून आणायची होती.