हेडलीकाकांना दोर नको

टेकडीच्या निम्म्या चढावर हेडलीकाकांची बर्फावर चालणारी गाडी, स्नोमोबाईल, दोनदा खोकली, दिवा लुकलुकला आणि गाडी बंद पडली. मागे जोडलेल्या लाकडी घसरगाडीवर, स्लेजवर, शवपेटीत खुद्द हेडलीकाका होते. गाडी अडली की सगळा गाव ज्याला बोलावून आणायचा, तो माणूस आज जागेवर हजर होता आणि काही उपयोगाचा नव्हता.

गार्लंडने टोपी मागे सारली. गाडी तो चालवत होता आणि गाडीचं सगळं काम काकांकडेच शिकला होता, त्यामुळे अब्रू त्याची जाणार होती. वर गोठलेल्या जमिनीत दोन दिवस जाळ करून खणलेला कबरीचा खड्डा वाट बघत होता. पाद्रीबाबांचं विमान तीनला होतं, आणि ते गेले की महिनाभर पत्ता नाही.

"माझ्या गाडीला बांधा," काकांचा मेहुणा, डल्सीकाकूंचा भाऊ सेल्बी, मागून म्हणाला. त्याची गाडी कोरी करकरीत होती आणि हे वाक्य तो घरापासून तोंडात घेऊन बसला होता. "दोर टाकतो. पाच मिनिटांत वर."

"दोर नको," डल्सीकाकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं हेडलीनं या किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ओढून घरी आणलं. तुला तर तीनदा. तो कुणाच्या दोरानं कधी आला नाही, आज जायचाही नाही."

"चारदा," पाद्रीबाबा म्हणाले. "एकदा मी बरोबर होतो."

काका गेल्यापासून पाच दिवसांत काकूंना कुणी रडताना बघितलं नव्हतं. माणसं भेटायला आली की त्या म्हणायच्या, बूट झटकून आत या, आणि चहा-पाव पुढे करायच्या. गावात कुजबुज सुरू झाली होती.

गार्लंडने बॉनेट उघडलं. "सपाटीवर नीट होती, चढाला पिकअप गेला. एकाच सिलिंडरवर चालतेय. प्लग बघतो."

"प्लग नको," काकू घाईने म्हणाल्या. "आधी वायरी बघ. दिवा लुकलुकत होता."

आजच्या दिवशी काकूंचा शब्द कोण मोडणार? त्याने वायरी बघितल्या. एक खरचटलेली निघाली, तिला टेप गुंडाळली, गाडी सुरू करायची दोरी ओढली. गाडी खोकली आणि गप्प बसली. मग काकूंनी बंद करायचं बटण तपासायला लावलं, मग पट्टा, मग पेट्रोलच्या नळीत बर्फ झालाय का ते. सेल्बीने नळी तोंडाने फुंकली आणि पुढची दहा मिनिटं थुंकत बसला. पाद्रीबाबा बायबल काखेत मारून पट्टा ताणून बघत होते; त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण नुसतं उभं राहणं बरं दिसेना.

पाने, पकड, स्क्रू ठेवायला सपाट जागा एकच होती. बघता बघता पेटीच्या झाकणावर गॅरेज मांडलं गेलं. थर्मास निघाला तेव्हा सेल्बी सवयीने पेटीवर टेकलासुद्धा. पाद्रीबाबा खाकरले, तसा ताडकन उठला.

"हेडली असता ना, तर..." तो म्हणाला आणि पेटीकडे बघून त्याने जीभ चावली.

शेवटी गार्लंडने न विचारताच प्लग काढले. एक तांबूस, दुसरा काळाकुट्ट आणि ओला. पुसला, काडी पेटवून शेकला, वायरींची अदलाबदल केली. पहिला ठिणगी देई, दुसरा ढिम्म.

"मेलाय," तो म्हणाला.

"हळू," पाद्रीबाबा म्हणाले.

सेल्बीकडचा प्लग मापात बसेना. सीटखालचा डबा रिकामा होता.

"काकू, काका एक जादा प्लग जवळ ठेवायचे ना?"

"ठेवायचा," काकू म्हणाल्या आणि गोठलेल्या समुद्राकडे बघत राहिल्या.

सेल्बीने दोराची गुंडाळी उलगडली. "डल्सी, दोन वाजले. मी हट्टाने करत नाहीये." आता त्याच्या आवाजात खरंच हट्ट नव्हता. त्याने दोराचं टोक काकांच्या गाडीला अडकवलं. काकू त्या गाठीकडे बराच वेळ बघत होत्या.

"गार्लंड, स्क्रू काढ."

"कसले?"

"पेटीचे."

पाद्रीबाबांनी बायबल उघडलं, त्यात या प्रसंगाचं काही सापडेना, मिटलं. गार्लंडने पाने आणि थर्मास खाली उतरवले. झाकण सरकलं. काका लग्नाच्या कोटात होते आणि इतका वेळ सगळा अडाणीपणा ऐकत पडल्यासारखे वैतागलेले दिसत होते. काकूंनी हातमोजा काढला, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि प्लग बाहेर काढला. काकांना कपडे चढवताना त्यांनीच तो तिथे ठेवला होता. कपडे बदलले की प्लग या खिशातून त्या खिशात जायचा, हे घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं.

गार्लंडला आठवलं. थंडीत गार प्लग लगेच ओला होतो, म्हणून काका तो छातीशी ठेवायचे. गाडी अडली की आधी तो काकूंच्या मुठीत द्यायचे. "धर, ऊब जाऊ देऊ नकोस," म्हणायचे आणि मग जुना काढायला बसायचे.

त्याने हात पुढे केला. "द्या, काकू."

"थांब जरा."

काकूंनी प्लग स्वतःच्या कोटाच्या आत सरकवला आणि त्या स्लेजच्या काठावर बसल्या. मग त्या रडल्या. मोठ्याने, तोंड न झाकता रडल्या. तिघं पुरुष बर्फात उभे राहिले आणि कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी प्लग काढून गार्लंडच्या हातावर ठेवला.

गाडी दुसऱ्या ओढीला सुरू झाली, दोन्ही सिलिंडरवर. पाद्रीबाबांनी टाळी वाजवली आणि हात मागे घेतले.

सेल्बीने गाठ सोडली. दोर गुंडाळत तो बहिणीजवळ आला. "तास गेला, डल्सी. प्लग कुठे आहे हे तुला ठाऊक होतं. मग आधी का नाही बोललीस?"

काकू हातमोजा चढवत होत्या.

"आज तो प्लग गार लागणार, हेही ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.