आपण

"हे प्रभू, आपण दिलेल्या अन्नाबद्दल आम्ही आपले आभारी आहोत," आईनं जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. जेवायला आलेल्या आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना तिच्या या आदबीचं फार कौतुक वाटायचं.

मला मात्र ते 'आपण' बोचायचं. लहानपणी आमच्यावर चिडली, की आई असंच विचारायची, "आपण जेवणार आहात का?" राग ओसरला, की पुन्हा अरे-तुरे. माझा धाकटा भाऊ शमू तापानं गेला, आणि तेव्हापासून तिचा देवही 'तू'चा 'आपण' झाला.

आज शमूचा वाढदिवस होता. आईनं त्याच्या आवडीची खीर केली होती. "आपल्या इच्छेप्रमाणे..." ती पुढे म्हणू लागली.

"का नेलंस रे त्याला?" ती एकदम ओरडलीच. "किती विनवलं होतं तुला!"

"ताई, देवाला असं बोलू नये," पाळकसाहेब गडबडून म्हणाले.

आईनं ऐकलंच नाही. ती बराच वेळ रडली. मग पदरानं नाक पुसून, डोळे मिटूनच म्हणाली, "आता निदान वेळेवर जेवायला घालत जा त्याला. लाजतो रे तो, स्वतःहून मागत नाही."

"आमेन," मी म्हणाले.