तबकडी संपेपर्यंत

"टाइपरायटरला दोन हात लागतात, कुचेरा. हे काय मी तुला सांगायला हवं?"

मिस ब्रांट हे अख्ख्या वर्गासमोर बोलल्या. वाणिज्य विभागाच्या दारात उभ्या असलेल्या लेनर्ड कुचेराचा डावा हात पँटच्या खिशात होता. म्हणजे जेवढा उरला होता तेवढा. मागच्या सुगीत मक्याची कणसं तोडणाऱ्या यंत्राने त्याचा पंजा नेला. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो हात खिशाबाहेर आलेला शाळेत कुणीही पाहिला नव्हता.

"गोठा खालच्या मजल्यावर आहे गं," खिडकीजवळची अर्लीन शेजारणीला म्हणाली, लेनर्डला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. वर्गात सगळ्या मुलीच. त्या फिदीफिदी हसल्या.

खाली शेतकी विभाग होता आणि तिथले डूलन सर भला माणूस. "तू आपला शेगडीपाशी बसून राहा रे बाळा," ते म्हणाले होते. "पास करायचं माझ्याकडे लागलं." ते ऐकून लेनर्डच्या अंगाचा तिळपापड झाला होता. शेत धाकटा भाऊ बघणार, हे घरात कुणी न बोलताच ठरलं होतं. धान्यकोठाराच्या हपिसातला कारकून कोरियात लढायला गेला होता आणि त्याची जागा रिकामी होती. टाइपिंग येत असेल तर ये, असं मालक म्हणाला होता. ते जमलं नाही, तर जन्मभर कुणाच्या तरी शेगडीपाशी बसणं आलं.

"मला येतं, बाई," लेनर्ड म्हणाला. "उन्हाळाभर शिकलोय."

"कशावर?"

"पुठ्ठ्यावर. कळा आखून घेतल्या होत्या."

आता मात्र मुलींनी तोंडाला रुमाल लावले. मिस ब्रांट हसल्या नाहीत. हसण्याबद्दल त्यांची ख्यातीही नव्हती.

"मागचं मशीन घे. तबकडी संपेपर्यंत या मुलींबरोबर टिकलास, तर बघू. नाही टिकलास, तर मुकाट्याने डूलन सरांकडे जायचं."

त्यांनी ग्रामोफोनची सुई तबकडीवर ठेवली. लष्करी कवायतीची धून सुरू झाली आणि तिच्या ठेक्यावर सगळ्या मशीनी एका दमात खडखडू लागल्या. कुणी खाली बघू नये म्हणून कळांवरची अक्षरं काळ्या रंगाने बुजवलेली होती. पुस्तकातलं पत्र समोर होतं: महोदय, आपले पत्र पावले.

पहिली ओळ झकास गेली. कळा पुठ्ठ्यापेक्षा जड होत्या, पण अक्षरं जिथल्या तिथे सापडत होती. लेनर्ड मनात खूश झाला, आणि तेवढ्यात ओळ संपल्याची घंटी किणकिणली.

पुठ्ठ्याला घंटी नव्हती. आता वरचा गाडा उजवीकडे ढकलायचा, आणि त्याचा दांडा डाव्या अंगाला! त्याने उजवा हात आडवा नेऊन दांडा ढकलला, परत आणला, पण तोवर बोटांची जागा चुकली होती. काळ्या कळांच्या रानात काहीच्या बाही उमटलं. ठेका पुढे निघून गेला. दुसऱ्या घंटीला पुन्हा तेच. अर्लीनने मान वळवून पाहिलं. मिस ब्रांट येऊन त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

तिसरी घंटी वाजली, तेव्हा लेनर्डने दातओठ खाल्ले आणि डावा हात खिशातून ओढून काढला. लालसर, सुरकुतल्या कातडीचं ते थोटूक त्याने दांड्यावर हाणलं. गाडा धाडकन उजवीकडे गेला. उजवा हात जागचा हलला नव्हता.

"अगं आई गं!" कुणीतरी म्हणालं. दोन-चार मशीनी थांबल्या.

"तुम्हाला थांबायला कुणी सांगितलं?" मिस ब्रांट कडाडल्या. मशीनी पुन्हा सुरू झाल्या.

लेनर्डच्या डोळ्यांत पाणी येत होतं, पण तो थांबला नाही. घंटी, थोटूक, धाड. घंटी, थोटूक, धाड. सैल सुटलेली बाही मधेच कळांवर यायची आणि अक्षर चुकायचं.

तबकडी संपली. मुलींनी हात मांडीवर घेतले. लेनर्डच्या काही ओळी बाकी होत्या. थांब असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून तो एकटाच बडवत राहिला. शेवटचा पूर्णविराम ठोकला, तेव्हा तो घामाने निथळत होता.

मिस ब्रांटनी कागद खसकन ओढून घेतला.

"हे पत्र आहे की कोंबड्या नाचल्यात यावर? लाज वाटत नाही असलं काम दाखवायला? 'महोदय'सुद्धा धड नाही! पाठीला पोक काढून बसलायस म्हाताऱ्यासारखा."

लेनर्डचे कान तापले. सुगीपासून आई त्याच्या ताटातलं मांस कापून देत होती. ऊठसूट शिव्या घालणारा बाप हल्ली काहीही झालं तरी "असू दे, असू दे" म्हणायचा. इतक्या महिन्यांत त्याच्यावर कुणी ओरडलंच नव्हतं. आणि आता चारचौघींत हजामत होत असताना त्याला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं.

"मग... खाली जाऊ, बाई?"

"खाली काय आहे? नवा कागद लाव, पुन्हा कर सगळं." त्या फळ्याकडे निघाल्या आणि मधेच थांबल्या. "आणि उद्यापासून बाह्या दुमडून यायचं. कळांवर लोळतात."

"हो, बाई."

लेनर्ड दातांनी उजव्या बाहीचं बटण सोडवू लागला.

"दोन्ही," मिस ब्रांट म्हणाल्या.