भोंग्यातलं वाक्य

“भोंगा ऐकू आला होता का?” त्याने विचारलं.

“आला की. स्वच्छ आला,” चष्म्याची एक काडी तुटलेला माणूस म्हणाला. “मी गॅलरीत जाऊन पाहिलंसुद्धा. समोरचा बेकरीवाला शांतपणे पाव भाजत होता. मग मीही चहा टाकला.”

खेळांच्या हॉलमध्ये गाद्यांच्या रांगा लागल्या होत्या. पूर ओसरला होता, पण माणसं अजून ओली दिसत होती. तो सकाळपासून एकेका गादीपाशी उकिडवा बसून हाच प्रश्न विचारत होता. धंद्याने तो जाहिराती लिहिणारा. साबण, बिस्किटं, पंखे, जे येईल ते. पुराची सूचनाही नगरपालिकेने त्याच्याकडूनच लिहून घेतली होती आणि गाडीवरचा भोंगा ती गल्लोगल्ली ओरडत फिरला होता. तरी अर्धी वस्ती घरात बसून राहिली. त्यातले बरेच जण या गाद्यांपर्यंत पोचलेच नाहीत. आता वरच्या धरणातून पुन्हा पाणी सुटणार होतं, आणि नगरपालिकेतल्या साहेबांचं म्हणणं, त्याच्या आत वाक्य बदला, चांगलं घाबरवणारं लिहा.

त्याला आधी एकच गोष्ट कळायला हवी होती. वाक्य चुकलं होतं का? चुकलं असेल, तर इथवर न पोचलेली माणसं त्याच्या हातून गेली होती. हे त्याला समजत होतं, पण लागत नव्हतं. दाढ काढण्याआधी बधिर केलेल्या गालासारखं सगळं झालं होतं.

तसं वाक्यात त्याने काही कमी ठेवलं नव्हतं. पाणी किती चढेल, कधी चढेल, जायचं कुठे, सगळं होतं. स्वतः तर त्याने ते तंतोतंत पाळलं होतं. भोंगा गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा बायको, मुलगी आणि घराचे कागद मागच्या दाराने गाडीत जाऊन बसलेसुद्धा होते. निघताना बायको रेडिओ बंद करायला वळली, तर तो म्हणाला होता, “राहू दे चालू. घरात कुणीतरी आहे असं वाटू दे. अशा वेळी चोरांचं फावतं.” चोर आले नाहीत. पाणी आलं, ते माळ्यापर्यंत आलं. भिंतीला भिंत लागून शिंपीकाकांचं घर होतं. त्यांना वेगळं काय सांगायचं? भोंगा सांगतच होता.

“मी बहिणीला फोन केला,” पुढच्या गादीवरची बाई म्हणाली. “ती म्हणाली, आमच्याकडे कुणी हललेलं नाही. मग मी एकटीच कशाला शहाणी?”

तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, “निघालो असतो आणि पाणी आलं नसतं, तर गल्लीने वर्षभर माझी टर उडवली असती.”

दुपार होता होता त्याच्या डोक्यात उजेड पडला. ऐकत होते सगळे भोंग्याचं, पण बघत होते शेजाऱ्याकडे. आणि हे त्याला माहीत नसावं? त्याची सगळ्यात गाजलेली जाहिरात साबणाची होती. तिच्यात साबणाबद्दल अवाक्षर नव्हतं. एक बाई कुंपणापलीकडे वाळत घातलेले कपडे नुसती बघत राहते, बस्स. त्या साबणावर उड्या पडल्या होत्या. साबण विकायचा तर शेजारीण लागते, आणि जीव वाचवायला मात्र त्याने नुसते आकडे दिले होते.

त्याने साहेबांना फोन लावला. “वाक्याला हात लावू नका. प्रत्येक गल्लीत एक घर आधी निघू दे. पुढच्या दाराने, डोक्यावर सामान घेऊन, चारचौघांना दिसेल असं. एक निघालं की बाकीचे आपोआप निघतात.”

“पटतंय,” साहेब म्हणाले. “तुम्ही खरंच हुशार आहात हो.”

त्याने फोन खिशात टाकला. म्हणजे वाक्य चुकलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला जरा हलकं वाटलं.

आता कोपऱ्यातली शेवटची गादी राहिली होती. सकाळपासून तो तिथे जायचं टाळत होता. शिंपीकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. होडीवाल्यांनी त्यांना छपरावरून उतरवलं होतं, एकटीलाच. शेजारी काकांसाठी मिळालेल्या गादीची घडी तशीच होती.

तो उकिडवा बसला. दुसरं काही सुचेना म्हणून त्याने तोच प्रश्न विचारला.

“आला होता ना ऐकू,” काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. “हे लगेच उठले. मशीनवर झाकण घातलं. पायात चपला घातल्या. मी पिशवी उचलली.”

“मग?”

“मग भिंतीपलीकडून तुझा रेडिओ ऐकू आला. हे परत खाली बसले. म्हणाले, ‘ज्याने ही सूचना लिहिली, तो बघ, गाणी ऐकत बसलाय. आपल्याला कसली एवढी घाई?’”