पॉइंटनंतरचा दुसरा आकडा

"बॅज टेबलावर ठेव," लॉरेन ऑस्ट्रँडर म्हणाल्या.

मार्नी वोयचिकने गळ्यातला बॅज काढून ठेवला. खोलीत तिघंच होती. टेबलापलीकडे मनुष्यबळ विभागाच्या ऑस्ट्रँडर, अलीकडे मार्नी, आणि खिडकीशी मोबाइलमध्ये मान घालून बसलेला तिचा साहेब, ग्रँट हॅडली. ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार होता. बँकेत उन्हाळाभर शिकाऊ म्हणून राबलेल्या मुलांना सकाळपासून एकेक करून याच खोलीत बोलावत होते. बाहेर येणारा प्रत्येक जण पक्की नोकरी घेऊन येत होता. मार्नी आत आली तेव्हा हसत होती.

ऑस्ट्रँडरनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक मार्नीचा बायोडेटा. त्यावर जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, होता ३.०. दुसरी कॉलेजकडून थेट मागवलेली गुणपत्रिका. त्यावर २.९६.

"हे तू लिहिलंस?"

"हो. पॉइंटनंतर एकच आकडा धरला तर ते तीनच होतं."

"ते तीन नाही, मार्नी. आमची अट तीनची आहे. तू ती पूर्ण करत नव्हतीस, आणि करतेस असं लिहिलंस."

"किती फरक आहे ते तरी बघा."

"फरक किती हा प्रश्नच नाही. लोक आयुष्यभर चालवलेली कंपनी आपल्या हाती देतात, विकून द्या म्हणतात. कशाच्या भरवशावर? आपल्या आकड्यांच्या. इथे आकड्याला हात लावणारा माणूस चालत नाही."

मार्नीची कानशिलं तापली. ती स्क्रँटनसारख्या लहान शहरातली. तिच्या सरकारी कॉलेजातून न्यूयॉर्कच्या या बड्या बँकांच्या रस्त्यावर कुणी पोचलं नव्हतं. पहिल्या वर्षी ती रसायनशास्त्रात आपटली. घरात आजारपण नव्हतं, कसली अडचण नव्हती; ती अभ्यास करत नव्हती, एवढंच. पुढची तीन वर्षं तिने मान मोडून अभ्यास केला. पण सरासरी काही विसरत नाही. मग एक अख्खा हिवाळा तिने अनोळखी बँकवाल्यांना ईमेल पाठवले. ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यासोबत एक कॉफी पिण्यासाठी ती स्क्रँटनहून बसने न्यूयॉर्कला यायची आणि त्याच संध्याकाळी परत जायची. शेवटी ग्रँटने तिला घेतलं. "तीनच्या खाली असतीस तर तुझा कागद मी उघडलाच नसता," असं तो तेव्हा म्हणाला होता. कौतुकाने.

तिच्या शेजारी बसणाऱ्या टकरच्या बायोडेटावर जीपीएचा रकानाच नव्हता. टकरचा मामा बँकेचा जुना ग्राहक होता. टकरला सकाळीच पक्की नोकरी मिळाली होती.

"ग्रँट," ती म्हणाली, "तुम्ही सांगा ना. माझ्या कामात एक तरी चूक सापडली?"

ग्रँटने मान वर केली नाही. "काम चांगलं होतं. पण हे माझ्या हातात नाही. आकडा म्हणजे आकडा."

आकडा म्हणजे आकडा. पहिल्या आठवड्यात याच माणसाने तिने ग्राहकासाठी बनवलेलं पहिलं पान लाल पेनाने खोडून परत फेकलं होतं. "पॉइंटनंतर दोन आकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकात लिहितात, स्क्रँटन. इथे एकच." अख्खा मजला हसला होता. त्या दिवसापासून तिने उन्हाळाभर दुसऱ्यांचे आकडे राउंड केले होते. ग्रँट तिच्या खुर्चीमागे उभा राहून ते करवून घेत होता.

"इथे सही कर," ऑस्ट्रँडर म्हणाल्या. "मग तुला खालपर्यंत सोडायला कुणीतरी येईल."

मार्नीने सही केली. पेनाने कागद फाटला.

ग्रँटचा मोबाइल वाजला. त्याने वाचलं, शिवी हासडली आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"नववं पान. ओहायोच्या आइस्क्रीम कंपनीच्या सादरीकरणाचं. नफ्याचं प्रमाण अकरा पॉइंट नऊ सहा टक्के का दिसतंय?"

"सकाळी त्यांचे नवे हिशेब आले. तेवढंच आहे."

"बारा कर. तीन वाजता खरेदीदार येतायत. बाराच्या खाली दिसलं तर ते पुढचं पानही उघडणार नाहीत."

मार्नी ऑस्ट्रँडरकडे बघत राहिली.

"ते वेगळं आहे," ऑस्ट्रँडर म्हणाल्या.

"कसं?"

"सादरीकरणाची पद्धत असते ती."

"अगं, वाद काय घालतेस," ग्रँट म्हणाला. "फाइल तुझ्या मशीनवर उघडी आहे, दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. जा, करून ये. शिफारसपत्राचं मी बघतो. चांगलं लिहीन."

बॅज आत सरकवल्याशिवाय मशीन सुरू होत नव्हतं. ते तिघांनाही माहीत होतं. ऑस्ट्रँडरनी घड्याळ बघितलं. मग दोन बोटांनी तो बॅज टेबलावरून मार्नीपुढे सरकवला.

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "झालं की परत आणून दे."

मार्नी उठली. तिने बॅज उचलला, त्यावरचा आपला हसरा फोटो बघितला, खिडकीपर्यंत गेली आणि तो ग्रँटच्या मांडीवर टाकला.

"तुम्हीच करा," ती म्हणाली. "मला आत्ताच याच गुन्ह्यासाठी काढलंय."