रक्त पिणारी बाई

"थू!" नथमलशेट पचकन थुंकले. शेट थुंकले म्हणून मच्छिंद्रही थुंकला.

समोरच्या पांढऱ्या चादरीवर एक उघडाबंब माणूस मूठभर अळ्या तोंडात कोंबत होता. "या बेटावर पाहुण्याचा मान अळ्यांनीच करतात," काठीचं टोक चित्राला लावत जगप्रवासी साहेब म्हणाले. गोदामभर 'शी शी' उठली. बायकांच्या बाजूला कुणाला तरी उमळून आलं. जागचं मात्र कुणी हललं नाही. दोन-दोन आणे देऊन आलेले लोक ते. किळस आली की त्यांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटत होतं.

जालन्यातलं हे गोदाम नथमलशेटच्या जिनिंगचं. हंगाम संपून कापूस गेला होता, सरकीचा कुबट वास तेवढा मागं उरला होता. भर दुपारी दारं लावून, झरोक्यांना पोती ठोकून अंधार केला होता. चादरीवर चित्रं पाडणारा दिवा साहेबांचा जोडीदार सांभाळत होता. दोघं सायकलवरून जग फिरायला निघालेले. "आम्ही कुणापुढं हात पसरत नाही," साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. "एका मुलखात कॅमेऱ्यानं चित्रं काढायची, दुसऱ्या मुलखात दाखवायची आणि त्या कमाईवर तिसरा मुलूख गाठायचा." शेटना हा धंदा फार पटला. माल फुकटचा आणि गिऱ्हाईक रोखीचं, आणखी काय पाहिजे! एवढ्या चैत्राच्या उकाड्यात साहेबांच्या पायांत गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे होते, आणि डावा पाय ते जरा जपून टाकत होते. साहेबी थाट असेल, असं मच्छिंद्रला वाटलं.

मच्छिंद्र शेटच्या जिनात वजनकाट्यावर होता. पुढच्या हंगामात त्याला मुनीम करायचं शेटच्या मनात होतं, म्हणून तर आज शेजारी चटईवर बसायला मिळालं होतं. अडचण एकच होती, गावाकडून आलेली माय. साळूबाई जांबकडच्या एका वस्तीवर राहायची. अंगावर जाडंभरडं लुगडं, उजव्या कानाची पाळी तुटलेली, आणि बोलणं असं की चार शेतांपलीकडं ऐकू जावं. तिला चार लोकांत आणायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण कुणीतरी सायकलवाल्यांचं नाव काढलं आणि म्हातारी हटूनच बसली. "सायकलवाले? मंग मला येऊ दे. मला बघायचंय." त्यानं तिला पार मागं बसवलं होतं. ती सरकत सरकत पुढं, साहेबांच्या टेबलाजवळच्या दोरीपाशी येऊन बसली होती. शेटना ती कोण हे ठाऊक नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

"आता शेवटचं चित्र," साहेब म्हणाले. "कच्च्या काळजाच्यांनी डोळे मिटून घ्यावेत."

कुणीही मिटले नाहीत.

चित्र धूसर उमटलं. पुरुषाचा उघडा पाय, गुडघ्याच्या खालचा. त्यावर एक बाई ओणवी झालेली. केस सुटलेले, तोंड त्या पोटरीला भिडलेलं, आणि हनुवटीवरून काळा ओघळ. "ही आफ्रिकेच्या जंगलातली बाई. हे लोक वाटसरूला घरात घेतात, निजवतात आणि जिवंतपणी त्याचं रक्त पितात. जिवावर उदार होऊन हे चित्र मिळवलंय मी!"

गोदाम किंचाळलं. "राक्षसीण हाय, राक्षसीण!" कुणीतरी ओरडलं. एकानं चादरीवर वहाण भिरकावली. शेटनी नाकाला उपरणं लावलं आणि हसत विचारलं, "मच्छिंदर, अशी बाई तुझ्या घरात असती तर रे?"

"विहिरीत ढकलली असती, शेटजी. बिलकुल!"

शेट मांडीवर थाप मारून हसले. तेवढ्यात जोडीदारानं दिव्याची वात वर केली आणि चित्र लख्ख झालं. बाईच्या उजव्या कानाची पाळी तुटलेली होती. लहानपणी त्या पाळीला हात लावल्याशिवाय मच्छिंद्रला झोप येत नसे.

त्याच्या तोंडातली थुंकी तोंडातच राहिली. माय? मायनं हे असलं केलं? मग मनात आलं, इथं कुणाला ठाऊक आहे ती माझी माय म्हणून? आणि त्याला हायसं वाटलं. हायसं वाटलं याचीच मग त्याला अशी शिसारी आली की शेजारच्या अत्तर लावलेल्या शेटचाही वास सोसेना. तरी तो जागचा उठला नाही. माय, बस खाली, बस, एवढंच मनात म्हणत राहिला.

साळूबाई उठली होती. दोरी वर करून ती पलीकडं गेली तसे लोक फिदीफिदी हसले. "ए म्हातारे, पिऊन टाकंल ती तुला!" तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. ती थेट साहेबांपाशी जाऊन वाकली आणि डाव्या मोज्यावर हात ठेवला. साहेबांनी पाय मागं ओढला. त्यांची काठी खाली पडली.

"बाभळीचा काटा लई आत सडला व्हता, बाबा," साळूबाई म्हणाली. तिचं बोलणं ते, पार दारापर्यंत ऐकू गेलं. "किती ओढलं तोंडानं, तवा कुठं पू निघाला. अन् मी गुळण्या करून येस्तोवर तुमी दोघं सायकली बैलगाडीत टाकून निघून गेल्ता. तवापासून जिवाला घोर हाय. पाय बरा झाला का रे, लेकरा?"